उणे सात ते चव्वेचाळीस: कॅनबेरातील बागेसाठी देशी झुडपे निवडताना

निफाडच्या द्राक्षबागेत लहानाचे मोठे झालेल्या माणसाला थंडीची ओळख करून द्यावी लागत नाही. पारा चार-पाच अंशांखाली उतरू लागला की पहाटे बांधांवर शेकोट्या पेटवायच्या, पाणी सोडून जमीन ओली ठेवायची आणि उजाडले की मण्यांना तडे गेले आहेत का ते पाहत ओळीओळीने फिरायचे, हे मी अनेक वर्षे पाहिले होते. या पूर्वपुण्याईच्या भरवशावर २०१८ साली कॅनबेरातील आमच्या घराची बाग मीच उभी करीन, असे मी घरात जाहीर करून टाकले. पुढच्या चार वर्षांत मी तिथे तीन वेळा झुडपे लावली आणि तिन्ही वेळा त्यांतली बरीचशी गमावली. पहिल्यांदा थंडीने, दुसऱ्यांदा उन्हाने आणि तिसऱ्यांदा पावसाने.

कॅनबेरा समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंचीवर, किनाऱ्यापासून आत, डोंगरांच्या कुशीत वसले आहे. समुद्राची ऊब इथवर पोचत नाही आणि हिवाळ्यात आकाश बहुधा निरभ्र असते, त्यामुळे दिवसभरात जमिनीने साठवलेली उष्णता रात्री भराभर निघून जाते. ११ जुलै १९७१ रोजी इथे उणे १० अंशांची नोंद झाली होती आणि ४ जानेवारी २०२० रोजी ४४ अंशांची. म्हणजे एकाच झुडपाने आयुष्यात पन्नासहून अधिक अंशांचा फरक सोसावा, अशी आपण त्याच्याकडून अपेक्षा करत असतो. आमचे घर शहराच्या दक्षिणेकडील टगरनाँग खोऱ्यात आहे. घराची जागा उंचावर, मागचे अंगण कुंपणाकडे उतरत गेलेले आणि माती अशी चिकण, की उन्हाळ्यात तिला भेगा पडाव्यात आणि हिवाळ्यात ती बुटाला लागून घरात यावी.

देशी, म्हणजे मूळच्या ऑस्ट्रेलियातील झुडपांचाच आग्रह मी का धरला, याचे एक कारण पाणी आणि दुसरे पक्षी. शेजारच्या आजींच्या अंगणात ऐन थंडीत लांब चोचीचा स्पाइनबिल पक्षी फुलांतला मध पिताना मी पाहिला आणि गुलाबांचा विचार तिथेच सोडून दिला.

पहिली खरेदी ऑक्टोबरात, म्हणजे इथल्या वसंतात झाली, आणि तीच पहिली चूक होती. त्या दिवसांत रोपवाटिकांत सगळेच फुललेले असते आणि माणूस फुले पाहून रोपे उचलतो. एका मोठ्या दुकानातून मी नऊ रोपे आणली. त्यांत ‘हनी जेम’ नावाची, नारिंगी-पिवळ्या तुऱ्यांची ग्रेव्हिलिया होती, लिंबाच्या वासाची मर्टल होती, जेराल्डटन वॅक्स होते. प्रत्येक रोपाच्या चिठ्ठीवर ते ‘काटक’ असल्याचे छापलेले होते. कशाच्या बाबतीत काटक, हे छापलेले नव्हते आणि ते विचारायचे मलाही सुचले नाही. उन्हाळाभर रोपे जोमाने वाढली. आपल्या हाताला गुण आहे असे मला वाटू लागले, आणि कौतुकाच्या भरात मी त्यांना फेब्रुवारीच्या अखेरीस कोंबडखतही घातले.

जूनमधल्या एका पहाटे सगळे अंगण पांढरे झाले. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या हिवाळ्यात दव गोठते आणि त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. इथे ते लागोपाठ आठ-आठ दिवस घडते आणि त्याला नुसते ‘फ्रॉस्ट’ म्हणून लोक गाडीच्या काचा खरवडायला लागतात. ऊन आल्यावर हनी जेमची पाने उकडलेल्या पालकासारखी लोंबू लागली आणि आठवड्याभरात काळी पडली. मर्टल जमिनीपर्यंत जळाली. वॅक्सच्या शेंड्याकडचा अर्धा भाग गेला. नंतर माझ्या लक्षात आले की हनी जेमचे जन्मदाते ऑस्ट्रेलियाच्या उष्ण उत्तरेकडचे आहेत आणि लिंबवासाची मर्टल क्वीन्सलंडच्या पावसाळी रानातली. ऑस्ट्रेलिया हा खंडाएवढा देश आहे, त्यामुळे ‘ऑस्ट्रेलियन झाड’ या शब्दाला हवामानाच्या दृष्टीने काहीच अर्थ नाही. रत्नागिरीचा हापूस शिमल्यात लावून ‘भारतीयच तर आहे’ म्हणण्यासारखे ते झाले.

मी निफाडला थोरल्या काकांना फोन केला. त्यांनी सांत्वन वगैरे केले नाही. “अगं, आदल्या दिवशी पाणी दिलं होतंस का? आणि जमिनीवर काय पसरलंयस?” एवढेच त्यांनी विचारले. पाणी मी मुद्दाम बंद केले होते, कारण थंडीत मुळे कुजतील अशी मला भीती होती. आणि जमिनीवर झाडाच्या सालींच्या तुकड्यांचे वीतभर जाड आच्छादन होते. दोन्ही गोष्टी नेमक्या उलट्या होत्या. ओली, उघडी माती दिवसा ऊन साठवते आणि रात्री ती ऊब वर सोडते. कोरडे आच्छादन मातीला गोधडीसारखे झाकते. त्यामुळे ऊब खालीच राहते आणि पानांच्या पातळीवरची हवा अधिकच गार होते. उन्हाळ्यात हेच आच्छादन प्राण वाचवते, म्हणून ते फेकून द्यायचे नसते, तर कोवळ्या रोपांपुरते मे महिन्यात खोडापासून बाजूला ओढायचे असते. फेब्रुवारीतल्या खतानेही घात केला होता: उशिरा मिळालेल्या नत्रामुळे फुटलेली कोवळी पालवी थंडीपूर्वी निबर झालीच नव्हती.

काकांचे आणखी एक म्हणणे मी तेव्हा ऐकले नाही आणि पस्तावले. जळालेल्या फांद्या मी लगेच छाटून टाकल्या. त्या काळ्या फांद्या खालच्या डोळ्यांना पांघरूण घालत होत्या. ते निघाल्यावर पुढच्या दोन कडक रात्रींनी उरलेसुरले जेराल्डटन वॅक्सही नेले. जळालेली फांदी कितीही वाईट दिसली तरी दव गोठण्याचे दिवस संपेपर्यंत तिला हात लावायचा नाही, हा नियम मी आता पाळते. ते दिवस कधी संपतात, याचा इथला लोकमान्य मुहूर्त म्हणजे मेलबर्न कपची घोड्यांची शर्यत, नोव्हेंबरचा पहिला मंगळवार. त्याआधी टोमॅटो लावू नयेत, असे कॅनबेरात कोणीही सांगेल.

त्या हिवाळ्यात मी रोपे आणणे थांबवले आणि किमान तापमान नोंदवणारे चार तापमापक आणले. एक उत्तरेकडच्या विटांच्या भिंतीशी, एक निलगिरीच्या मोठ्या झाडाखाली, एक अंगणाच्या मध्यावर आणि एक मागच्या कुंपणापाशी, असे ते काठ्यांना बांधले. महिनाभर रोज सकाळी वहीत आकडे लिहिले. कुंपणापाशी उणे सात असे, तेव्हा भिंतीशी उणे तीन-चार. निलगिरीखाली तर गवतावर पांढरा थर धरतच नसे, कारण झाडाचा विस्तार जमिनीची ऊब आकाशात जाऊ देत नाही. थंड हवा जड असते आणि पाण्यासारखी उताराने वाहत जाते. आमच्या अंगणातली, आणि बहुधा वरच्या दोन घरांतलीही, सगळी थंडी त्या अखंड फळ्यांच्या कुंपणाशी येऊन धरणात साठावी तशी साठत होती. कुंपणाच्या तळाच्या फळ्या मी वीतभर कापून घेतल्या, तेव्हा पलीकडच्या मोकळ्या रानात थंडीला वाट मिळाली आणि तळाचे किमान तापमान साधारण एका अंशाने वर आले. बागेवर केलेल्या सगळ्या खर्चात हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी ठरला.

इथे भारतातून आलेल्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती डोक्याला कळली तरी हातांना कळायला वेळ लागतो. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो. उबदार भिंत उत्तरेची, थंड सावलीची बाजू दक्षिणेची, आणि मकरसंक्रांत भर उन्हाळ्यात. त्याशिवाय पूर्वेचे कोवळे ऊन, जे आपल्याला झाडांसाठी उत्तम वाटते, तेच गोठलेल्या पानांना घातक ठरते, कारण पाने हळूहळू वितळण्याऐवजी एकदम वितळतात. कळ्या धरलेली नाजूक झुडपे मी त्यानंतर पूर्वेच्या बाजूला लावलेली नाहीत.

मग मी ब्लॅक माउंटनच्या पायथ्याला असलेल्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात जाऊ लागले. १९७० साली अधिकृतपणे खुल्या झालेल्या या उद्यानात फक्त ऑस्ट्रेलियातील वनस्पती आहेत आणि झाडांजवळच्या पाट्यांवर त्यांचा मूळ प्रदेश कळतो. मी वही घेऊन ग्रेव्हिलियांच्या भागात फिरत असे. मात्र उद्यान उतारावर आहे, तिथे थंड हवा थांबत नाही. तिथे सुखाने वाढलेले झुडूप आमच्या अंगणाच्या तळाशी जगेलच, असे नाही. हा फरक मला तापमापकांच्या वहीमुळे समजला, एरवी मी तिथली यादी तशीच उतरवून घेतली असती.

एवढे कळूनही दुसरी चूक झालीच. थंडीने पोळलेल्या मी या वेळी थेट पर्वतांवरची झुडपे निवडली. बर्फाळ डोंगरावर राहणाऱ्याला फ्रॉस्टचे काय कौतुक, असा माझा हिशेब. सप्टेंबर २०१९ मध्ये डोंगरी मिरी आणि अल्पाइन मिंटबुश लावले. ते वर्ष संपूर्ण ऑस्ट्रेलियात तोवरच्या नोंदींतले सर्वांत उष्ण आणि सर्वांत कोरडे ठरले. वणव्यांच्या धुराने डिसेंबरपासून दारे-खिडक्या बंद होत्या आणि ४ जानेवारीला पारा ४४ वर गेला. संध्याकाळी बाहेर आले तेव्हा मिरीची पाने तव्यावर भाजल्यासारखी कुरकुरीत झाली होती. पाणी कमी पडले नव्हते. उंच डोंगरावरची ही झुडपे दमट, गार उन्हाळ्याची सवय असलेली असतात आणि त्यांची मुळे तापलेल्या मातीत काम करू शकत नाहीत. महिनाअखेरीस ओरोरल खोऱ्यात वणवा पेटला आणि आमच्या दक्षिणेचे आकाश रात्री लाल दिसू लागले, तेव्हा झुडपांचे दुःख आपोआप मागे पडले. त्या दिवसांनी निवडीला आणखी एक कसोटी जोडली. तेलकट, झटकन पेट घेणारी पाने घराच्या भिंतीशी नकोत. तिथे मी पुढे सॉल्टबुश लावले, त्याचे राखाडी पान सहजी पेटत नाही.

दोन्ही टोके गाठून झाल्यावर उत्तर खरे तर नकाशावरच होते. किनाऱ्यावरच्या झुडपांना थंडी सोसत नाही, डोंगरावरच्यांना ऊन सोसत नाही. पण देशाच्या अंतर्भागातील कोरड्या मैदानांत दोन्ही असते. वाळवंटाची रात्र थंड असते, अ‍ॅलिस स्प्रिंग्जलाही हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो. त्या मैदानांवरची एरेमोफिला ही झुडपांची प्रजाती माझ्या शोधात सारखी पुढे येऊ लागली. ग्रीक मुळांनुसार तिच्या नावाचा अर्थ ‘वाळवंटप्रिय’ असा होतो. पश्चिमेच्या तापत्या भिंतीपाशी मी एरेमोफिला मॅक्युलाटा लावली, जिच्या नळीसारख्या फुलांच्या आत ठिपके असतात. तिच्या शेजारी डोडोनिया व्हिस्कोसा. हे नाव उच्चारताना मला अडखळायला होत असे, आणि एके दिवशी काकांना तिचे छायाचित्र पाठवले तर ते म्हणाले, “ही तर जखमी! माळावर किती आहे.” खरोखरच ही एकच जाती दोन्ही देशांत मूळची आहे. एवढ्या लांब येऊन, इतकी शोधाशोध करून मी महाराष्ट्रातल्या माळावरचे झुडूप विकत घेतले होते.

ही तिसरी लागवड मार्चमध्ये, म्हणजे शरद ऋतूत केली. माती अजून उबदार असते, उन्हाची धार गेलेली असते आणि मुळांना थंडीपूर्वी दोन-अडीच महिने मिळतात. कोवळ्या वयात थंडीला जपावी लागणारी जात असेल, तर मात्र मी वसंताची अखेर गाठते आणि उन्हाळाभर पाणी देण्याची तयारी ठेवते. मोठ्या कुंडीतली फुललेली रोपे न घेता वीतभर उंचीची घेतली. ती स्वस्त पडतात, त्यांची मुळे गुंडाळलेली नसतात आणि दोन वर्षांत ती मोठ्यांना गाठतात. देशी वनस्पतींच्या हौशी मंडळींची रोपविक्री शरदात आणि वसंतात भरते, तिथे पहाटे रांग लावणे मला आता परवडते. तिथला विक्रेता चिठ्ठी वाचून दाखवत नाही. तुमचे घर टेकडीवर आहे की खोऱ्यात, असे तो आधी विचारतो.

खताची गोष्ट राहिली. ग्रेव्हिलिया, बँक्सिया आणि हाकिया एकाच कुळातल्या आहेत. स्फुरद (फॉस्फरस) फार कमी असलेल्या जुन्या, झिजलेल्या मातीत राहून त्यांनी दाट झुपक्यांची मुळे तयार केली आहेत, जी मातीतला कणकण स्फुरद ओढून घेतात. अशा झाडाला कोंबडखत घालणे म्हणजे उपाशी माणसाला एकदम पंगतीला बसवणे. पाने पिवळी पडतात, कडा जळतात, आणि आपण भुकेलेले समजून आणखी खत घालतो. माझी एक बँक्सिया मी अशीच प्रेमाने मारली. चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीला असतो तो सिल्व्हर ओक हीसुद्धा एक ग्रेव्हिलियाच आहे, हे मला इथे येऊन कळले.

त्यानंतर पाऊस आला. २०२० च्या अखेरीपासून सलग तीन उन्हाळे ला निनाचे, म्हणजे इथे जादा पावसाचे, गेले. चिकणमातीत पाणी साचू लागले आणि थंडी-ऊन दोन्ही पचवणाऱ्या माझ्या रुपेरी पानांच्या एरेमोफिला एकेक करून खालून तपकिरी होत गेल्या. वाळवंटप्रिय झुडपाला ओले पाय चालत नाहीत, हे नावातच होते. नवल म्हणजे तशाच एका रोपाचे कलम मायोपोरम या दुसऱ्या झुडपाच्या खुंटावर केलेले होते आणि ते टिकले. डॉगरिजच्या खुंटावर द्राक्षाचे कलम बांधण्यात हयात गेलेल्या काकांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी फक्त “मग?” असे म्हटले. आता मी मातीत जिप्सम मिसळते, गुडघाभर उंच वरंबे करते आणि झुडपे वरंब्याच्या माथ्यावर लावते.

आज अंगणात जे टिकून आहे, ते असे. निलगिरीखालच्या कोरड्या सावलीत कोरिया ग्लाब्रा आणि कॅनबेराच्या शताब्दीनिमित्त २०१३ साली आलेली ‘कॅनबेरा बेल्स’ ही जात; कोरिया हे नाव देशावरून नव्हे, तर कोरेया दा सेरा या पोर्तुगीज वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडले आहे. मध्यावर ग्रेव्हिलिया लॅनिजेरा, लोकरीसारख्या पानांची, आणि ‘कॅनबेरा जेम’, जिच्या काट्यांमुळे छाटणीला जाड हातमोजे लागतात, पण जिच्यात छोटे पक्षी मांजरांपासून सुरक्षित घरटी करतात. कुंपणाच्या उतारावर स्नोई नदीकाठची वॅटल, म्हणजे इथली बाभूळ, अकेशिया बूरमानी, आणि नदीकाठचाच एक फिकट पिवळा बॉटलब्रश. कूटामंड्रा वॅटल सगळ्यांत सुंदर आणि सगळ्यांत काटक आहे, पण ती इथल्या रानात पसरून उपद्रवी तण ठरली आहे, म्हणून मोह आवरला. कोकणात वन विभागाने लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीखाली दुसरे काही उगवत नाही, हे पाहिलेल्याला ते समजावून सांगावे लागत नाही.

अगदी तळाचा कोपरा, जिथे कुंपण कापूनही उणे सहा होते, तिथे तीन झुडपे मेली. मागच्या मार्चमध्ये तिथे हाकिया मायक्रोकार्पा लावली आहे. ती थंड, ओलसर गवताळ पठारांवर वाढते, तेव्हा थंडीचा आणि पावसाचा प्रश्न नसावा, उन्हाचा आहे. म्हणून तिच्या पश्चिमेला गोणपाटाचा आडोसा उभा केला आहे आणि शेजारच्या काठीला तापमापक अजून तसाच बांधलेला आहे. आज सकाळी तो उणे पाच दाखवत होता. हाकियाच्या सुईसारख्या पानांवर दव गोठले होते, आणि मी दहा वाजेपर्यंत थांबून ते वितळल्यावर पाने चिमटीत धरून पाहिली. ती ताठ होती.